तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रँडमास्टर कधी होणार?

गोव्यातल्या बुद्धिबळ स्पर्धांमध्ये मी पंच म्हणून काम करतो, तेव्हा पालक फोंड्याचे असोत वा मडगावचे, फेरी सुरू झाली की हाच प्रश्न घेऊन टेबलाशी येतात: मुलाचे रेटिंग चढत आहे, मग ग्रँडमास्टर होण्यात अडते कुठे?

रेटिंगपुरते उत्तर सोपे आहे. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांनुसार २२०० ला कँडिडेट मास्टर आणि २३०० ला फिडे मास्टर होता येते. तिथे नॉर्म, म्हणजे एखाद्या स्पर्धेत ठरावीक दर्जाची कामगिरी केल्याची नोंद, लागत नाहीत. इंटरनॅशनल मास्टरसाठी २४०० आणि ग्रँडमास्टरसाठी २५०० चा टप्पा एकदा गाठला की पुरे, नंतर रेटिंग घसरले तरी चालते. घोडे अडते ते नॉर्मपाशी. किमान २७ डाव भरतील इतके, म्हणजे बहुधा तीन, नॉर्म लागतात आणि त्यांत समोर कोण बसले होते हेही मोजले जाते.

नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर नॉर्म हवा असेल तर किमान तीन प्रतिस्पर्धी ग्रँडमास्टर असावे लागतात, निम्मे तरी फिडेची पदवी असलेले लागतात, सर्वांच्या रेटिंगची सरासरी २३८० च्या खाली जाऊन चालत नाही, आणि कामगिरी २६०० च्या तोडीची व्हावी लागते. सरासरी २३८० असेल तर सात गुण, २४३४ असेल तर साडेसहा. म्हणून शेवटच्या फेरीचे पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार याची यादी) लागले की वडील मोबाइलवर सरासरी काढू लागतात, कारण समोर २२५० चा खेळाडू आला तर कालपर्यंत पुरेसे वाटणारे साडेसहा गुण अपुरे पडू शकतात. (सर्वांत कमी रेटिंगच्या प्रतिस्पर्ध्याला २२०० धरण्याची सवलत आहे, पण ती एकालाच.)

शिवाय प्रतिस्पर्ध्यांत किमान दोन परदेशी फेडरेशनांचे (देशोदेशीच्या बुद्धिबळ संघटनांचे) खेळाडू हवेत. ही अट शिथिल होते ती भरपूर परदेशी पदवीधारक उतरलेल्या मोठ्या ओपनमध्ये, म्हणजे सर्वांना खुल्या स्पर्धेत, आणि तशी ओपन दरवेळी दाराशी भरत नाही. गोव्याचा लिऑन मेंडोंसा २०२० मध्ये महासाथीमुळे वडिलांसह हंगेरीत अडकला, तिथल्या स्पर्धा खेळत राहिला आणि शेवटचा नॉर्म इटलीत मिळवून चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. त्याची गुणवत्ता वादातीत आहे. पण तशा स्पर्धा हाताशी असणे हेही महत्त्वाचे होते. २०२५ चा विश्वचषक हडफड्याला झाला, तरी तो पात्र ठरलेल्या २०६ खेळाडूंचा होता. आपल्या मुलांना पाहायला मिळाला, खेळायला नाही.

हल्ली नागपूरच्या दिव्या देशमुखचा दाखला दिला जातो. २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ती नॉर्मशिवाय थेट ग्रँडमास्टर झाली, हे खरे. पण तो मार्ग जगज्जेतेपदाच्या तोडीचा आहे. एरवी माझे मत विचाराल तर मुलाचे रेटिंग २३०० च्या आसपास स्थिरावेपर्यंत नॉर्मसाठी परदेशवाऱ्यांवर पैसा घालू नये.