शेजारच्या आजींच्या रेसिपीज आणि माझा वजनकाटा

आम्ही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहतो, मेकन शहरापासून थोडं बाहेर. शेजारच्या घरात ऐंशी पार केलेल्या एक ब्लॅक आजी एकट्याच असतात. इथे दक्षिणेत मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नावाआधी मिस लावायचं आणि उत्तर देताना येस मॅम म्हणायचं, मीही तसंच करतो, पण इथे आपलं आजीच लिहितो. तर त्यांच्या उत्तरेतल्या डेट्रॉइटच्या नातीने मला गळ घातली की ग्रँडमाच्या रेसिपीज कुणीतरी नीट लिहून काढायला हव्यात, उन्हाळ्यात फॅमिली रीयुनियन आहे तेव्हा प्रत्येक घराला एक कॉपी द्यायचीय, तुम्ही भिंतीपलीकडेच राहता आणि तुम्हाला खायला आवडतं. आजींनी तिला माझ्याबद्दल एवढंच सांगितलेलं दिसतंय. मी लगेच हो म्हटलं.

आजींची सांगायची पद्धत अशी, "पीठ घे, शॉर्टनिंग घाल, बटरमिल्क घाल, झालं." (शॉर्टनिंग म्हणजे डालड्यासारखी घट्ट चरबी.) किती घालू? "बेबी, लागेल तेवढं." हे उत्तर आपल्याला काही नवीन नाही, पण ते छापणार कसं?

सुरुवात बिस्किटांपासून केली. दक्षिणेतलं बिस्किट म्हणजे मऊ, गरम, पापुद्रे सुटणारा बसका पाव, सकाळी लोणी किंवा ग्रेव्हीबरोबर खातात. आजींकडे लाकडाची एक मोठी परात आहे, त्यात पीठ कायम भरलेलंच असतं. त्या मधे खड्डा करतात, खड्ड्यात शॉर्टनिंग आणि बटरमिल्क टाकून बोटांनी फिरवत राहतात, कडेचं पीठ आपोआप आत ओढलं जातं, आणि गोळा हवा तेवढा सैल झाला की उचलतात. उरलेलं पीठ चाळून पुन्हा परातीत. म्हणजे कप-चमचा कधी आलाच नाही या सगळ्यात, त्या लपवत वगैरे नव्हत्या, त्यांनाच माहीत नव्हतं किती लागतं ते.

मग मी घरून डिजिटल वजनकाटा नेला. परातीचं वजन आधी आणि नंतर, बटरमिल्कच्या कार्टनचं आधी आणि नंतर, शॉर्टनिंगच्या डब्याचंही तसंच. आजी पहिल्यांदा खूप हसल्या, म्हणाल्या हे काय पोस्ट ऑफिस आहे का, पण नंतर त्याच ओरडायला लागल्या की थांब, डबा अजून काट्यावर ठेवला नाहीस. बऱ्याच सकाळच्या आकड्यांची सरासरी निघाली ती अशी, पीठ 250 ग्रॅम, शॉर्टनिंग 60 आणि बटरमिल्क 180 ते 190. ओव्हन 475 फॅरनहाइट. कटर सरळ खाली दाबायचा, फिरवायचा नाही, फिरवलं की कडा चिकटतात आणि बिस्किट वर येत नाही. तव्यात एकमेकांना खेटून ठेवायची म्हणजे बाजूला न पसरता वर फुगतात. बटरमिल्क आपल्या ताकासारखं पातळ नसतं बरं का, पातळसर दह्याएवढं दाट असतं, आपलं ताक घातलं तर गोळा सैल होऊन हाताला नुसता चिकटेल.

हे आकडे नातीला पाठवले तर तिचा मेसेज, माझी तरीही दगडासारखी होतायत. फोनवर बराच काथ्याकूट झाल्यावर मी विचारलं पीठ कुठलं? ती म्हणाली, साधं ऑल-पर्पज (आपल्या मैद्यासारखं), त्यात बेकिंग पावडर. तिथेच सगळं होतं. आजी जन्मभर व्हाइट लिलीचं सेल्फ-रायझिंग पीठ, म्हणजे बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेलं पीठ, वापरतायत, कंपनी मूळची टेनेसीतल्या नॉक्सव्हिलची, 1883 ची. ते सॉफ्ट विंटर गव्हाचं असतं, प्रोटीन 8-9 टक्क्यांच्या आसपास. उत्तरेकडे दुकानात जे ऑल-पर्पज मिळतं ते साधारण 10 ते 12 टक्के, त्यात ग्लुटेन (पिठाला ताण देणारं प्रोटीन) जास्त, पावाला उत्तम, बिस्किटाला नाही. आजींच्या बहिणी आणि भाऊ डेट्रॉइटला गेले ते त्या मोठ्या स्थलांतराच्या शेवटच्या काळात, साधारण 1910 ते 1970 मध्ये दक्षिणेतली 60 लाखांच्या आसपास ब्लॅक माणसं उत्तरेला आणि पश्चिमेला गेली त्यातलीच ती. रेसिपी त्यांच्याबरोबर गेली पण गहू गेला नाही. आणि इतकी वर्षं त्या घरातल्या बायका म्हणत आल्या की आपल्याला आईसारखा हात नाही. मला तर हे ऐकून रागच आला थोडा, हाताचा काही संबंधच नव्हता! पुस्तकात त्या पानावर मी ठळक लिहिलंय, हे पीठ मिळत नसेल तर अर्धं केक फ्लोअर (केकसाठीचं कमी प्रोटीनचं पीठ) आणि अर्धं ऑल-पर्पज, दर कपाला दीड टीस्पून बेकिंग पावडर आणि पाव टीस्पून मीठ.

आजींच्या सासूबाईंचा कार्डांचा एक पत्र्याचा डबाही होता, तो उघडल्यावर कळलं की लिहिलेल्या रेसिपीनेही फार मदत होत नाही. "स्वीट मिल्क" म्हणजे गोड दूध नाही, साधं दूध, बटरमिल्क नव्हे एवढाच अर्थ. "ओलिओ" म्हणजे मार्जरीन, तेलापासून केलेलं लोण्यासारखं. "नंबर दोनचा कॅन" म्हणजे साधारण अडीच कप. "अंड्याएवढं लोणी". "मॉडरेट ओव्हन", हे 350 ते 375 फॅरनहाइट. काही कार्डांवर नुसती सामानाची यादी, कृती शून्य, कारण लिहिणारीला कृती येतच होती, ती कशाला लिहील. माझं मत असं झालंय की घरच्या माणसाने हे काम करूच नये, त्याला अर्ध्या गोष्टी विचारायची लाज वाटते. मी बाहेरचा, मी बिनधास्त विचारतो की पाणी उकळतं घालायचं का गार.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कॅरॅमल केकमध्ये. केक सोपा आहे हो, पिवळा साधा केक, जीव जातो तो वरच्या आयसिंगमध्ये. साखर, लोणी, इव्हॅपोरेटेड मिल्क (डब्यातलं आटवलेलं बिनसाखरेचं दूध) आणि शेवटी व्हॅनिला, बस्स, पण मंद आचेवर तासभर वगैरे ढवळत उभं राहायचं, आणि कधी उतरवायचं तर "झालं की". मी थर्मामीटर आणला. 225 झालं, आजी म्हणाल्या नाही. 230, नाही. मग त्यांनी वाटीत गार पाणी घेतलं, त्यात थेंब टाकला, बोटांनी गोळा केला, मऊ गोळी वळली आणि म्हणाल्या, आता. थर्मामीटरवर 238. मी बघतच राहिलो कारण हा तर आपला गोळीबंद पाक! आई लाडवांच्या वेळी अगदी हेच करते, फक्त वाटीऐवजी ताटलीत पाणी घेते. मी आजींना व्हिडिओ कॉलवर आईशी बोलायला लावलं, दोघींना एकमेकींचं काही कळलं नाही पण दोघींनी कॅमेऱ्यासमोर बोटांवरची गोळी दाखवली आणि दोघी खूश.

पण पाक जमला म्हणून आयसिंग जमलं असं नाही. भांड्याच्या कडेला साखरेचे कण चिकटतात, त्यातला एक जरी आत पडला तरी सगळं रवाळ होतं, म्हणून ओला ब्रश कडेने फिरवत राहायचा. उतरवल्यावर घोटायचं, चकाकी जरा कमी झाली की ताबडतोब केकवर ओतून पसरायचं, उशीर झाला तर सुरी अडकते, मग चमचाभर गरम दूध घालून सोडवायचं. आणि पावसाळी दमट दिवशी करायचंच नाही, साखर हवेतला ओलावा ओढते आणि वरचा थर चिकटच राहतो. जॉर्जियात जूननंतर कोरडा दिवस शोधावा लागतो, त्यामुळे हे पान मेमध्येच उरकलं.

कोलार्ड ग्रीन्स हिवाळ्यात झाले होते. कोबीच्याच कुळातली जाड पानं, पहिलं दव गोठून गेल्यावर गोड लागतात. माती फार असते, पाणी बदलून बदलून धुवायची, मधला दांडा ओढून काढायचा. आजींच्या घरी हॅम हॉक (डुकराच्या पायाचा तुकडा) घालतात, आमच्याकडे पोर्क चालत नाही म्हणून त्यांनी माझ्यासाठी स्मोक्ड टर्कीचा पंख घातला, इथे बरीच घरं आता तसंच करतात. तो तासभर आधी शिजवायचा, मग पानं, मिरची, थोडं व्हिनेगर. खाली उरतं त्या पाण्याला पॉट लिकर म्हणतात आणि खरी मजा त्यातच आहे, त्यात कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा पाव, घालून खातात. कॉर्नब्रेड बुडवायचा की कुस्करायचा यावर 1931 मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटा कॉन्स्टिट्यूशन या पेपरात जाहीर वाद झाला होता, लाँग बुडवणारे. आजी कुस्करतात. मीही भाकरी कुस्करणाऱ्यांच्या घरातला, त्यामुळे माझं मत विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

आणि कॉर्नब्रेड. आजींचा पांढऱ्या मक्याच्या पिठाचा, बिडाच्या तव्यात. तवा रिकामाच ओव्हनमध्ये 450 ला तापवायचा, त्यात बेकनची चरबी, आणि पीठ ओतताना चर्र आवाज आलाच पाहिजे, नाहीतर खालचा खरपूस पापुद्रा येत नाही. मी आमच्यासाठी तूप वापरून बघू का विचारलं. त्यांनी बरणीचा वास घेतला, म्हणाल्या हे तर परतलेलं लोणी आहे, घाल की. चांगला झाला. साखर मात्र अजिबात नाही, त्या बाबतीत आजी कडक, साखर घातली की तो केक झाला म्हणतात.

पुस्तकाची प्रूफं रीयुनियनच्या आधी सगळ्यांना पाठवली तर डेट्रॉइटच्या धाकट्या बहिणीचा फोन आला, वय अठ्ठ्याहत्तर, की आपली आई कॉर्नब्रेडमध्ये दोन चमचे साखर घालायची, तू विसरलीस. आजी म्हणाल्या आई कधीच घालत नव्हती, तू डेट्रॉइटला जाऊन शिकलीस. स्पीकर चालू होता, मी टेबलाशी लॅपटॉप घेऊन, आणि दोघी मला विचारतायत की तू काय टाइप केलंस. मी आता दोन पानं केली आहेत, एक बिनसाखरेचं आणि एक साखरेचं, दोन्हींच्या वर "आईचा कॉर्नब्रेड" असंच लिहिलंय, आणि आजींचं म्हणणं आहे की त्यांचं पान आधी आलं पाहिजे.