काळीत बांधलेलं घर

जुलै २०२२ मध्ये आमच्या देवघराच्या खोलीचं दार लागेनासं झालं. आधी वाटलं बिजागरी सैल झाली असेल. नवऱ्याने स्क्रू आवळले, दाराची वरची कड रंध्याने थोडी घासून घेतली. आठ दिवसांनी दार पुन्हा अडकायला लागलं. मग दाराच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी गेलेली चीर दिसली. बाहेर जाऊन पाहिलं, तर विटांच्या सांध्यासांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर चढलेली भेग.

आम्ही डॅलसला लागून असलेल्या अर्विंगमध्ये राहतो. घर १९७८ सालचं, जमिनीवरच ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर उभं आहे. त्या उन्हाळ्यात इथे दोन महिन्यांहून जास्त काळ पावसाचा थेंब नव्हता. दक्षिणेच्या बाजूची माती स्लॅबपासून सुटून आली होती आणि त्या फटीत माझी चार बोटं आडवी जात होती. कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा सरळ करून आत सोडला, तो अडीच फूट खाली गेला. त्याचा फोटो परभणीला अण्णांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "बाई, हे तर आपलं रान हाय. तू काळीत घर घेतलंस का?"

आमच्याकडे गावाच्या जमिनीला दोन नावं आहेत. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. पिकवायचं काळीत, राहायचं पांढरीवर. काळीतच घर बांधायची वेळ आली तर मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा, हे आमच्या गावातल्या गवंड्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि मी त्याच गावची मुलगी. सहा वर्षं ज्या मातीवर राहत होते तिच्याकडे मी नीट पाहिलंच नव्हतं, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

त्याच रात्री अमेरिकेच्या कृषी खात्याचा मृदा नकाशा उघडला. वेब सॉइल सर्व्हे नावाने तो कुणालाही फुकट पाहता येतो. आपला पत्ता टाकायचा, घराभोवती चौकोन काढायचा, की मातीचं नाव आणि गुणधर्म समोर येतात. आमच्या चौकोनात आलं: ह्यूस्टन ब्लॅक. फुगण्या-आकसण्याच्या रकान्यात 'अतिशय जास्त'. टेक्सासच्या ब्लॅकलँड प्रेअरीची ही ओळखीची माती. एकेकाळी इथे कमरेच्याही वर गवत असायचं, ब्लूस्टेम, इंडियनग्रास. त्या गवताळ रानात जागोजाग उथळ खळगे आणि उंचवटे असत. पहिल्या वसाहतवाल्यांना वाटलं डुकरं लोळून हे खळगे झाले, म्हणून त्यांनी त्यांना हॉग वॉलो म्हटलं. खरं तर ती माती स्वतःच वर-खाली होत होती. उन्हाळ्यात भेगांमध्ये वरची माती पडायची, पावसात खालची फुगून वर ढकलली जायची. या मातीच्या गटाला व्हर्टिसॉल म्हणतात, लॅटिनमधल्या 'उलटणे' या शब्दावरून. परभणीची काळीही याच गटातली.

जन्म मात्र दोघींचा वेगळा. आपली काळी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या बेसाल्टपासून झाली. इथली समुद्राच्या चिखलातून आली. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी या भागावर उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी बारीक गाळ बसत गेला, मधूनमधून ज्वालामुखीची राख पडत गेली, आणि दाबाखाली त्या सगळ्याचा शेल नावाचा पापुद्र्यांचा दगड झाला. आमच्या अर्विंगखालच्या शेलला ईगल फोर्ड म्हणतात. ज्या वस्तीवरून हे नाव पडलं ती आता पश्चिम डॅलसमध्येच आहे. हा शेल कुजला, विरला, की त्याची पुन्हा चिकणमाती होते. बेसाल्ट असो की शेल, दोन्हीकडे शेवटी मॉन्टमोरिलोनाइट हेच चिकणद्रव्य हाती येतं. त्याचे कण म्हणजे पापडांची चळत. पाणी दोन पापडांच्या मध्ये शिरतं आणि चळत फुगते. पाणी गेलं की बसते.

हे कळलं, पण दार अजून लागत नव्हतं. पहिल्यांदा आला तो फाउंडेशन दुरुस्तीच्या एका कंपनीचा विक्रेता. तपासणी फुकट होती. अर्ध्या तासात त्याने सांगितलं की घर खचलंय, कडेने १८ पिअर्स ठोकावे लागतील, आणि आज सही केली तर सूट मिळेल. पिअर म्हणजे स्लॅबच्या कडेखाली, कठीण थर लागेपर्यंत दाबत नेलेला काँक्रीटचा खांब. नवरा सही करायला निघाला होता. मी थांबवलं. औषध विकणाऱ्यानेच रोग सांगावा हे मला पटेना.

तेवढ्यात २२ ऑगस्ट आला. डॅलसमध्ये २४ तासांत ९ इंचांहून जास्त पाऊस झाला, रस्त्यांवर गाड्या तरंगल्या. आमच्या दक्षिणेच्या भेगेत पाणी धबधब्यासारखं उतरताना मी खिडकीतून पाहत होते. कोरडी असताना ही माती भेगांमधून पाणी गटागटा पिते. एकदा भेगा मिटल्या की मात्र तिच्यातून पाणी जवळजवळ उतरतच नाही, वर तळं साचतं. चार दिवसांत ती चार बोटांची फट बुजली. आणि देवघराचं दार? कडा सुकून खचल्या असत्या, तर माती फुगल्यावर ते सुटायला हवं होतं. उलट आणखी घट्ट बसलं.

ही गोष्ट मी सप्टेंबरमध्ये आलेल्या स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला सांगितली, आणि तो थबकला. हा माणूस काहीच विकत नव्हता, फक्त तपासणीची फी घेत होता, म्हणूनच मी त्याला शोधला होता. त्याने द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या एका उपकरणाने प्रत्येक खोलीतल्या जमिनीची उंची मोजली. गालिचा, फरशी, लाकूड यांच्या जाडीतला फरकही वजा केला. दोन तासांनी त्याने कागदावर घराचा नकाशा आणि त्यावर समान उंचीच्या रेषा काढून दाखवल्या. जवळजवळ दोन इंचांचा फरक होता. पण कडा खाली गेल्या होत्या त्यापेक्षा मध्य वर आला होता, आणि तोही बाथरूमच्या आसपास. देवघर त्याच्या शेजारी. म्हणजे घराच्या मध्याखालची माती कुठूनतरी पाणी पीत होती. १८ पिअर्स ठोकून आम्ही चांगल्या कडा उगाच वर उचलल्या असत्या.

मग प्लंबर आला. त्याने घराबाहेरच्या ड्रेनेजच्या तोंडात रबरी फुगा बसवून पाइप बंद केला, स्लॅबच्या पातळीपर्यंत पाणी भरलं आणि आम्ही पाहत बसलो. पाणी टिकायला हवं होतं. पंधरा मिनिटांत ते दिसेनासं झालं. ओतीव लोखंडाचा जुना पाइप बाथरूमखाली तडकला होता. किती वर्षं झिरपत होता देव जाणे.

आता दोन रस्ते होते: वरून फरशी आणि स्लॅब फोडणे, नाहीतर बाहेरून खाली बोगदा खणणे. आम्ही बोगदा निवडला, कारण घरात सासूबाई होत्या, त्यांना धूळ सोसत नाही. विम्यात जमीन हलल्यामुळे होणारं नुकसान सरळ वगळलेलं होतं. पण घर घेताना आम्ही स्लॅबखालच्या गळतीचं एक वेगळं कलम पैसे भरून जोडून घेतलं होतं, त्यामुळे खणाईचा बराच खर्च मिळाला. इंजिनिअरचा अहवाल आणि तारखेसह फोटो नसते तर तोही मिळाला नसता. ज्यांची घरं अशा मातीवर आहेत त्यांनी आपली पॉलिसी आज काढून ते कलम आहे का ते पाहावं, हे मी अगदी हात जोडून सांगते.

नोव्हेंबरमध्ये चार माणसं आली. त्यांच्याकडे फक्त फावडी, टिकाव आणि बादल्या. घराच्या कडेला माणूस उतरेल एवढा खड्डा, आणि तिथून स्लॅबखाली आडवा बोगदा. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले तेव्हा मी विचारून त्या खड्ड्यात उतरले. बालपणी विहिरीचं खोदकाम पाहायला जायचे, तसंच वाटलं. वरची दोनेक फूट माती अगदी आपल्या रानासारखी, काळीभोर, मुळांनी भरलेली, मधे चुनखडीचे पांढरे खडे. त्याखाली रंग ऑलिव्हसारखा हिरवट-पिवळा. तिथला एक ढेकूळ सहज सुटला, आणि त्याची सुटलेली बाजू कुणी तेलाचा हात फिरवावा तशी चकचकीत होती, तिच्यावर बारीक समांतर ओरखडे. मातीचे दोन भाग फुगताना एकमेकांवर घासून सरकतात, तेव्हा असा आरसा तयार होतो. तो हाताने चाचपताना माझ्या अंगावर काटा आला. आमचं दार जिच्यामुळे अडकलं ती हालचाल तिथे लिहून ठेवलेली होती.

आणखी खाली, माझ्या पावलांपाशी, करडे पापुद्रे होते. अर्धा शेल, अर्धी माती. पापुद्र्यांच्या मधे काचेसारखे खडे चमकत होते. ते जिप्सम. शेलमध्ये पायराइट नावाचं लोखंड-गंधकाचं खनिज असतं. हवा-पाणी लागलं की त्यातून आम्ल होतं, ते चुन्याला भिडतं आणि जिप्सम तयार होतं. अण्णा चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट झालेल्या, जमिनीत जिप्समची पोती टाकायचे, ते इथे आपोआप उगवलेलं. याच सल्फेटमुळे इथे रस्त्याखालची माती शांत करायला नुसता चुना मिसळला की कधीकधी ती उलट जास्त फुगते, असं इंजिनिअर म्हणाला होता.

शेलचा एक तळहाताएवढा तुकडा मी घरात आणला, आठ दिवस खिडकीत वाळवला आणि एका संध्याकाळी काचेच्या वाडग्यात पाणी घेऊन त्यात सोडला. मुलाला शेजारी बसवलं होतं. आधी बारीक बुडबुडे आले. मग कडेचे पापुद्रे पुस्तकाची पानं सुटावीत तसे सुटू लागले. चहा होईपर्यंत त्याचा दगडपणा संपला होता, तळाशी फक्त गाळाचा ढीग होता. नऊ कोटी वर्षांपूर्वीचा चिखल आमच्या ओट्यावर पुन्हा चिखल झाला.

पाइप बदलला, पुन्हा पाणी भरून चाचणी झाली, बोगदा मातीने ठासून बुजवला. विक्रेत्याचे फोन चालूच होते. पण इंजिनिअरने बजावलं होतं: आता काहीही उचलू नका, मध्य सुकून खाली बसायला एक-दोन ऋतू द्या, मग पुन्हा मोजू. ही वाट पाहणं सगळ्यात कठीण गेलं. भिंतीवरच्या भेगेच्या दोन्ही टोकांना मी पेन्सिलीने तारीख लिहून ठेवत होते. एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा मोजणी झाली, फरक सव्वा इंचावर आला होता. दार थोडं करकरत का होईना, लागायला लागलं.

फक्त नैऋत्येचा कोपरा खरोखर खाली होता. तिथे ओकचं मोठं झाड आहे, ते उन्हाळ्यात खालचं पाणी ओढून घेतं. त्या कोपऱ्याला चार पिअर्स घातले. अठराऐवजी चार. झाड तोडलं नाही, मधे मुळं अडवणारा पडदा पुरला.

उरलेलं काम माझ्याकडे आलं. घराभोवती, स्लॅबपासून सव्वा ते दीड फूट लांब, झिरपणारी रबरी नळी दोन इंच मातीखाली टाकली. भेगेतच पाणी सोडायचं नाही, ते सरळ खाली जाऊन नको तिथे फुगवतं. छतावरचं पाणी पन्हाळीने पाच फूट दूर नेऊन सोडलं. उन्हाळ्यात थोडं थोडं, रोज. पावसाळी आठवड्यात बंद. ओलावा कमी-जास्त किती हे महत्त्वाचं नाही, घराच्या चारी बाजूंना सारखा असणं महत्त्वाचं.

मध्यंतरी सीडर हिलच्या स्टेट पार्कमध्ये गेलो होतो, तिथे प्रेअरीचा थोडा मूळ तुकडा राखलेला आहे. उंच गवतात वाकून पाहिलं, तर भेगा होत्या, पण गवताने वर सावली धरली होती. पूर्वेला पांढऱ्या चुनखडकाचा कडा दिसत होता. त्याला ऑस्टिन चॉक म्हणतात. डॅलसचा मधला भाग त्याच खडकावर आहे आणि तिथली घरं आमच्या मानाने स्थिर असतात. अण्णांना व्हिडिओवर तो कडा दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. "म्हंजी तिकडंबी पांढरी हाय की," म्हणाले.

आता उन्हाळ्यात त्यांचा रविवारचा फोन आला की तब्येतीच्या आधी मातीची चौकशी होते. काल मी फोन घेऊनच अंगणात गेले, नळीजवळची मूठभर माती उकरली आणि दाबली. लाडू वळला. अंगठ्याने दाबला, तर फुटला.

"वाफसा हाय," अण्णा म्हणाले. "आज पाणी नगं सोडू."