वेल्चमधला शनिवार, १९४६

हल्ली रात्री जेवणं आटोपली की मी अमेरिकन फोटोग्राफर रसेल ली यांचे जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो बघत बसते. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरातली कोळसा खाणींची गावं, साल १९४६. त्या वर्षी खाणकामगारांचा मोठा संप झाला, ट्रूमन सरकारने खाणीच ताब्यात घेतल्या, आणि युनियनशी जो करार झाला त्यात कामगारांची घरं, पाणी, दवाखाने कसे आहेत याचा सर्व्हे करायचं ठरलं, त्या सर्व्हेसाठी ली कॅमेरा घेऊन गावोगाव फिरले. काम सरकारी, पण फोटोत माणसं कुठेही नुसती 'केस' म्हणून दिसत नाहीत, मला त्याचंच फार अप्रूप वाटतं.

वेस्ट व्हर्जिनियातल्या वेल्चचा २४ ऑगस्टचा फोटो बघा. शनिवार दुपार, रस्त्यावर ही गर्दी! आठवडी बाजाराला उतरावीत तशी आसपासच्या खाणवस्त्यांतली माणसं गावात आलीयेत. कोण कुणाशी काय बोलत असेल, कुणाच्या खिशात किती उरले असतील, मी एकेक चेहरा झूम करून बघते.

आणि मग केंटकी राज्यातल्या बेल काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) एक स्वयंपाकघर. खाणकामगाराची बायको नातवंडाला घेऊन आहे. खाली लीनी लिहिलंय, घर तीन खोल्यांचं, त्यात नवरा-बायको, ६ मुलं आणि ६ नातवंडं राहतात, नळ नाही, वीज नाही, घरापर्यंत यायला डोंगरातली पायवाट. हे वाचून परत फोटोकडे गेलं की तोच फोटो वेगळा दिसतो, आधी फक्त आजी दिसलेली असते, आता चौदा माणसांचं पाणी भरणं दिसायला लागतं. म्हणून म्हणते, कॅप्शन सोडू नका.

हार्लन काउंटीत एक कामगार दिवसाचं काम संपवून आपला नंबराचा बिल्ला बोर्डावर अडकवतोय. बघायला एवढंसंच काम, पण खाली कोण राहिलंय आणि कोण वर आलंय हे या बिल्ल्यांवरूनच कळायचं. घरच्यांच्या दृष्टीने दिवसातली याहून मोठी गोष्ट कुठली असणार!

वेल्च ज्या मॅकडॉवेल काउंटीत आहे तिथे १९५० मध्ये जवळजवळ ९९ हजार लोक होते, २०२० मध्ये १९ हजार उरले. खाणीत मशीन आल्या, माणसं नकोशी झाली, नंतर कोळशाची मागणीच घटली. १९६१ मध्ये केनेडींच्या वेळी फूड स्टँपची, म्हणजे गरीब कुटुंबांना धान्य-किराणा घेण्यासाठी सरकारी कुपनांची, नवी योजना सुरू झाली तेव्हा पहिले स्टँप याच वेल्चमध्ये दिले गेले, म्हणजे त्या गर्दीच्या शनिवारानंतर जेमतेम पंधरा वर्षांत. फोटोतल्या रस्त्यावरच्या पोरांपैकी कितीजण तेव्हा तिथे होते आणि कितीजण कामासाठी बाहेर पडले होते, मला खरंच जाणून घ्यायचंय.

हे फोटो अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्हजच्या साइटवर फुकट बघता येतात. काउंटीचं नाव टाकून शोधा, सुरुवात मॅकडॉवेलपासून करा.