बेडखालची युरोबॅग

एप्रिलमधली गोष्ट आहे, पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहून टाकते. सकाळी आठला ड्युटीवर आले, ओटीत (ऑपरेशन थिएटरमधे) जायच्या आधी, लघवी सुटते म्हणून काल इंजेक्शन दिलेल्या काकूंना बघून यावं म्हणून वॉर्डात डोकावले आणि त्यांच्या बेडखाली युरोबॅग, म्हणजे नळीतून लघवी जमा होते ती पिशवी, लोंबताना दिसली. पोटात धस्स झालं. बाहेरच्या माणसाला वाटेल त्यात काय, दवाखान्यात दर दुसऱ्या पेशंटला नळी असते. पण ह्या एका पेशंटला ती नको होती, आणि नको आहे हे मला माहीत होतं.

काकू काटोलकडच्या, वय ६१, घरची संत्र्याची बाग. मी ओटीची सिस्टर, पण आमच्याकडे माणसं कमी म्हणून दुपारी ओपीडीतही बसते (नागपूरच्या धंतोलीत दवाखाने पायलीला पन्नास, सिस्टर मात्र सगळ्यांनाच कमी). पहिल्यांदा आल्या तेव्हा सर काकूंना विचारत होते आणि उत्तरं काका देत होते. "त्यायले थोडी इन्फेक्शनची तकलीफ आहे जी." सर औषध लिहायला लागले. काकू खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेल्या, खाली लुगड्याची घडी करून ठेवलेली. ते बघून मी काकांना बिलिंगला पाठवलं, काहीतरी फॉर्म भरायचा म्हणून. काका गेले तसं काकू म्हणाल्या, "सिस्टरबाई, मले खोकल्यावर सुटते जी. शिंकलं तरी सुटते. अकरा वर्सं झाले."

अकरा वर्षं! मधे एका डॉक्टरने गर्भाची पिशवी काढली तर हे थांबेल म्हणून पिशवीही काढून टाकली होती. आपल्याकडे बाईचं काहीही दुखलं की पिशवी काढा, हे कधी बंद होणार कोणास ठाऊक. काटोलहून नागपूरला एसटीने येताना काकू सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दरवाज्याजवळची सीट धरतात, कारण स्पीडब्रेकर आला की झालंच. एप्रिलात, नागपूरच्या उन्हात, पाणी न पिता. मागच्या वर्षी चक्कर येऊन पडल्या तर घरचे म्हणाले बीपी असेल.

व्यायाम आधी दिले होते, चार महिने. म्हणजे काय तर एक झेरॉक्स हातात दिली. लघवी रोखायचे कोणते स्नायू आवळायचे हे बोट लावून समजावून सांगावं लागतं, झेरॉक्सने होत नाही. मी शिकवले तेव्हा कळलं की बाई इतके दिवस पोट आवळत होत्या. नीट शिकून केल्यावर फरक पडला, पण थोडाच. सरांनी टेप सुचवली, लघवीच्या नळीखाली आधाराला जाळीची पट्टी बसवतात ती. सर स्वतःच सांगतात की जेलच्या इंजेक्शनपेक्षा टेप जास्त खात्रीची. फिनलंडमधे दोन्हींची तुलना झाली होती, वर्षानंतर टेपवाल्या शंभरातल्या ९५ बायका समाधानी आणि जेलवाल्या ६०. पण काकूंच्या हार्टचं पंपिंग ३५ टक्के, भूलवाल्या मॅडमनी फाइल बघून सरळ हात वर केले. मग राहिलं इंजेक्शन. भूल नको, टाके नाहीत, फक्त जागा बधिर करायची.

आता हे इंजेक्शन काय ते सांगते, कारण हे मला आवडतं. जेल असतं, पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं, त्यात साडेसत्त्याण्णव टक्के पाणीच. लघवीची नळी मूत्राशयाच्या तोंडाशी नीट मिटत नाही म्हणून सुटते, तर त्या तोंडाच्या जरा अलीकडे नळीच्या अस्तराखाली तीनचार ठिकाणी हे जेल भरायचं म्हणजे आतून उशा तयार होतात आणि नळी मिटते. पूर्वी गाईच्या कोलॅजनचं असायचं, ते अंगात विरघळून जायचं. हे जेल विरघळत नाही. अमेरिकेत २०२० ला परवानगी मिळाली, युरोपात त्याच्या कितीतरी आधीपासून वापरतात. एकेक एमएलच्या दोन सिरिंज, पुरं दोन एमएलही लागत नाही, पण किंमत अशी की सिरिंज उघडताना माझा हात अजूनही जपून चालतो. सुई २३ नंबरची, लांबलचक, दुर्बिणीच्या बाजूने आत जाते. सगळी कसब खोलीची. सुई फार वर टोचली तर अस्तर फाटतं आणि जेल बाहेर, फार खोल गेली तर उशी फुगतच नाही, पैसे पाण्यात. सरांचा हात ह्यात इतका हलका आहे की बघत राहावं. बोलण्यात तेच सर दगड.

काकू जाग्याच होत्या. मी सलाईन कोमट करून ठेवते, ओटीतल्या एसीत थंड पाणी आत गेलं की पेशंट आवळून घेतो, हे मला कोणी शिकवलं नाही. घड्याळातल्या पाचच्या जागी पहिली टोचणी, मग सात, मग दोन, मग दहा. स्क्रीनवर गुलाबी अस्तर हळूहळू फुगून मधे येत गेलं, चारही उशा मधोमध टेकल्या. मी स्क्रीन काकूंकडे वळवली. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे तं संत्र्याच्या फोडीवानी दिसते वं माय."

ह्याच्यानंतर दुर्बीण परत आत घालायची नाही, उशा चेपतात. मूत्राशयात पाणी भरलेलंच असतं, दुर्बीण काढायची आणि खोकायला सांगायचं. सर म्हणाले, "काकू, जोरात खोका." काकू गप्प. "खोका ना." त्यांनी घशातल्या घशात काहीतरी केलं, त्याला खोकला म्हणत नाहीत. सर चिडले, मला म्हणाले सांगा यांना. मी डोक्याशी गेले तर काकू मांड्या आवळून, ओठ दाबून, डोळे घट्ट मिटून. हळूच म्हणाल्या, "नाई येत जी. मी खोकतच नाई आता." खरंच येत नव्हता. अकरा वर्षं ज्या बाईने खोकला गिळला, शिंक नाक दाबून मारली, लेकीच्या लग्नात कोणी काही हसायचं बोललं तर उठून बाजूला गेली, तिला आम्ही टेबलावर पाय बांधून म्हणतोय खोका. मी त्यांचा हात धरला आणि आधी स्वतः खोकून दाखवलं, चांगला विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता खोकला आला. एक, दोन, तीन. खालचा टॉवेल कोरडा! मग त्या खोकतच राहिल्या, थांबेचनात, सरांनी शेवटी बस म्हटलं.

एवढं सगळं करून मग रात्र.

एरवी ह्या पेशंटला लघवी झाली की संध्याकाळी घरी सोडतात. काकूंचं हार्ट आणि काटोल, म्हणून ठेवून घेतलं. लघवीची नळी आत फुगलेली असल्याने काहींना पहिले एकदोन दिवस लघवी अडते. अडली तर बारीक नळी, दहा किंवा फार तर बारा नंबरची, घालायची, मूत्राशय रिकामं करायचं आणि लगेच काढायची. मोठा फोली, म्हणजे आत राहू देतात ती जाड नळी, ठेवून द्यायचा नाही, कारण जेल ताजं असतं, शरीराच्या पेशी त्यात शिरून ते धरायला आठवडे जातात, तोवर जाड नळी राहिली तर उशा तिच्याभोवती साच्यासारख्या चेपून बसतात. हे मी फाइलमधे लिहिलं होतं. ऑपरेशन नोट्सच्या खाली, एका ओळीत.

रात्री अडीचला काकूंचं पोट फुगलं. नाइटची पोरगी नवीन, तिने आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, बोलावलं, सोनोग्राफीत पाचशे एमएल लघवी तुंबलेली. आरएमओने तेच केलं जे शंभरातल्या नव्व्याण्णव पेशंटला बरोबर असतं, सोळा नंबरचा फोली टाकला आणि बॅग लावली. त्याच्यावर मी सकाळी खूप ओरडले. नंतर कळलं पोरगा सलग तिसऱ्या रात्रीच्या ड्युटीवर होता. वॉर्डात बारा नंबरची नळी तरी होती का? नव्हती. ओटीत होती, आणि ओटीला कुलूप, किल्ली माझ्या पर्समधे. हे मी कोणालाच बोलले नाही, इथे पहिल्यांदा लिहितेय. आणि नाइटच्या पोरीला तोंडी हँडओव्हर? रात्री सव्वाआठची बस पकडायची होती मला.

सरांना विचारलं उशा चेपल्या असतील का. म्हणाले, पाच तास होता, सांगता येत नाही, पुन्हा आत जाऊन बघायचंही नाही. तसंही बऱ्याच जणींना दुसऱ्यांदा थोडं भरावं लागतं, टॉपअप म्हणतात. हे टॉपअपचं मी आधीच समजावलं होतं, पण कॉरिडॉरमधे काकांना. म्हणजे मीही तेच केलं.

सहा आठवड्यांनी आल्या. सरांनी विचारलं कसं आहे, म्हणाल्या, "बरं आहे जी, लई फरक आहे." सरांनी फाइलवर लिहिलं, बरं आहे. बाहेर आल्यावर मी वॉटरकूलरचा ग्लास भरून दिला. दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. मी काही न बोलता बघत राहिले तर म्हणाल्या, "निम्मं कमी आहे बाई, खोटं नाई बोलत. शिंकेले थांबते. एसटीत नाई थांबत." मृग बहाराच्या संत्र्यांचा पैसा ह्या इंजेक्शनात गेला होता. सर स्वतःची फी घेणार नाहीत, पण जेल विकतच घ्यावं लागतं. "आंबिया निघाला का येतो," म्हणाल्या, म्हणजे आंबिया बहाराची संत्री निघाली की, नोव्हेंबर-डिसेंबर, गारपीट नाही झाली तर.

बारा नंबरच्या नळ्या मी आता वॉर्डाच्या ट्रॉलीत ठेवल्यात, आणि अशा पेशंटच्या बेडच्या पायाशी चिकटपट्टीवर मार्करने मोठं लिहिते, फोली टाकू नका. मेट्रन म्हणतात भिंती-बेड घाण करू नका. काकूंचा फोन अधूनमधून येतो, व्यायाम विचारायला. बागेला पाणी देता देता बोलतात, मागे मोटरचा आवाज असतो. त्या रात्रीच्या नळीचं त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं ती नळी उपचारातलीच होती. "तुमी रातभर नळी ठेवली म्हनून तं एवढं तरी थांबलं," परवाच म्हणाल्या.