एका सिस्टरच्या माहेराचा शोध

कॅथलिक सिस्टरची, म्हणजे संन्यस्त स्त्रीची वंशावळ काढायची असते तेव्हा सरकारी दप्तरं जवळजवळ मुकी असतात. लग्न नाही, म्हणून लग्नाची नोंद नाही. मुलंबाळं नाहीत, म्हणून त्यांच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव नाही. दारिद्र्याचं व्रत घेतलेलं, म्हणून घरादाराचं खरेदीखत नाही. मृत्युपत्र असलंच तर ते मठाच्या कपाटात. त्यात नावही बदललेलं. म्हणून अशा कामात मी तिच्यापेक्षा तिच्या आजूबाजूची माणसं आधी शोधते: बहीण, भाऊ, मेहुणा, जहाजाच्या यादीत तिच्या वरच्या ओळीत असलेली गाववाली.

डेट्रॉइटच्या एका कुटुंबाचं काम याच वाटेनं सुटलं. आजीची मावशी सिस्टर होती, पोलंडहून आलेली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. गाव कोणतं, तर 'वॉर्सॉजवळ'. हे उत्तर जवळजवळ प्रत्येक पोलिश घरात मिळतं आणि त्याचा उपयोग शून्य, कारण परक्या माणसाला सांगताना सगळेच ओळखीचं शहर सांगत. हातात एक अंत्यविधीचं प्रार्थनापत्र होतं. पुढे संताचं चित्र, मागे तिचं संन्यासातलं नाव, १९६७ ची मृत्युतारीख, '५६ वर्षं धर्मजीवनात' अशी ओळ आणि नावापुढे चार अक्षरं: सी.एस.एस.एफ.

सगळ्यात आधी ती चार अक्षरं नीट वाचायची. सी.एस.एस.एफ. म्हणजे फेलिशियन सिस्टर्स; सी.एस.एफ.एन. म्हणजे नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या सिस्टर्स. दोन्ही पोलिश, दोन्ही अमेरिकेत शाळा चालवणाऱ्या, आणि झिजलेल्या छपाईत एकमेकींसारख्या दिसणाऱ्या. चुकीच्या संघाला पत्र गेलं तर 'अशी कोणी आमच्याकडे नव्हती' असं प्रामाणिक उत्तर येतं आणि शोध तिथेच थांबतो. फेलिशियन संघ १८५५ साली वॉर्सॉत स्थापन झाला. १८७४ मध्ये पाच सिस्टर्स विस्कॉन्सिनमधल्या पोलोनिया या गावी आल्या, १८८२ मध्ये मुख्य मठ डेट्रॉइटला सेंट अल्बर्टस चर्चच्या परिसरात आला आणि १९३६ मध्ये डेट्रॉइटजवळच्या लिव्होनियाला हलला. २००९ साली उत्तर अमेरिकेतले त्यांचे प्रांत, म्हणजे संघाच्या कारभाराचे विभाग, एक झाले. प्रांत एक झाले की कागदही हलतात. म्हणून पत्रात पहिला प्रश्न 'या सिस्टरची फाइल आता कुठे आहे' हाच ठेवावा.

'५६ वर्षं' हा आकडाही जपून वापरायचा. तो मठात प्रवेश केल्यापासून मोजलेला असेल, वस्त्रग्रहणापासून (संन्यासाचा पोशाख मिळाल्यापासून) असेल किंवा पहिल्या व्रतांपासून. तिन्हींत मिळून तीन-चार वर्षांचा फरक पडतो. त्या काळी नवं नाव मिळे ते वस्त्रग्रहणाच्या वेळी, म्हणजे त्याआधीच्या सगळ्या कागदांत ती जन्मनावानंच सापडणार. शिवाय एखादी सिस्टर वारली की तिचं नाव पुढे दुसरीला दिलं जाई, त्यामुळे एकाच संघात एकाच नावाच्या दोघी वेगवेगळ्या काळात निघतात. मृत्युतारखेशिवाय नुसत्या नावावर विसंबू नये.

मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांच्या रकान्यात 'माहीत नाही' होतं. हे नेहमीचंच, कारण माहिती देणारी व्यक्ती मठाची प्रमुख असते, नातेवाईक नव्हे. सोशल सिक्युरिटीच्या (अमेरिकी सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेच्या) अर्जावर आईवडिलांची पूर्ण नावं असतात, पण दारिद्र्यव्रत घेतलेल्यांना १९७२ च्या दुरुस्तीनंतरच संघामार्फत त्या योजनेत येता आलं. १९६७ साली वारलेल्या सिस्टरसाठी तिथे वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

जनगणनेत सिस्टर्स नावानं शोधल्या तर सापडत नाहीत. अनुक्रमणिकेत त्यांचं आडनाव 'सिस्टर' किंवा 'मेरी' असं पडलेलं असतं. पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) शाळेचा पत्ता काढायचा, त्या भागाची पानं एकेक उलटायची आणि कॉन्व्हेंटची यादी गाठायची. १९४० च्या जनगणनेत हिच्यापुढे नागरिकत्वाच्या रकान्यात 'एएल' होतं, म्हणजे परकी नागरिक. या दोन अक्षरांनी सगळं काम फिरवलं.

अमेरिकेच्या १९४० च्या कायद्यानं चौदा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक परकीय नागरिकाला २७ ऑगस्ट ते २६ डिसेंबर १९४० या काळात नाव नोंदवावं लागलं. सिस्टर्सना सूट नव्हती. या नोंदणीच्या एआर-२ नावाच्या अर्जावर आजचं नाव, देशात शिरतानाचं नाव आणि 'याशिवाय कोणत्या नावांनी ओळखली जाते' हे तिन्ही विचारलेलं आहे. संन्यासातलं नाव आणि जन्मनाव एकाच सरकारी कागदावर एकत्र यावं अशी जागा माझ्या माहितीत याहून चांगली नाही. जन्मतारीख, जन्मगाव, बंदर, जहाज आणि उतरल्याची तारीखही त्यातच. नागरिकत्व खात्याच्या वंशशोध विभागाकडे आधी अनुक्रमणिकेचा शोध मागायचा, मग मिळालेल्या क्रमांकावर प्रत मागायची. दोन्हींची फी वेगळी आणि वाट पाहणं महिन्यांचं. अर्जात दोन्ही नावं माहीत नसतील तर संन्यासातलं नाव, 'मेरी'सकट आणि 'मेरी'शिवाय, असं दोन्ही प्रकारे लिहावं.

तो कागद आला. आडनाव दोंब्रोव्स्का (पुरुषांचं दोंब्रोव्स्की), गाव दोंब्रोवा, १९०९, जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरातून न्यूयॉर्क. पोलंड जाणणाऱ्याच्या पोटात गोळा यावा अशी ही जोडी. आडनाव देशातल्या सर्वांत पसरलेल्या आडनावांपैकी, आणि दोंब्रोवा नावाची गावं नकाशावर जागोजाग.

ब्रेमेनच्या निघण्याच्या याद्या बहुतेक नष्ट झाल्या आहेत, त्यामुळे न्यूयॉर्कची उतरण्याची यादी हाच आधार. १९०७ पासून ही यादी दोन पानांवर पसरते आणि लोक डावं पान उतरवून थांबतात. डाव्या पानावर मायदेशातल्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता असतो; उजव्या पानावर तिकीट कोणी काढलं, कोणाकडे चालली, उंची, रंग आणि शेवटी जन्मगाव. दोन्ही पानं ओळ क्रमांकानं जुळवून वाचायची. (एलिस बेटावर, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्थलांतरित तपासणीच्या ठाण्यावर, अधिकाऱ्यांनी नावं बदलली, ही समजूत इथेच सोडून द्यावी. अधिकारी निघण्याच्या बंदरात लिहिलेल्या याच यादीवरून हाक मारत.)

आमच्या ओळीत वय १८, उजवीकडे डेट्रॉइटची बहीण आणि तिचा पत्ता, डावीकडे नातेवाईक म्हणून आई. पण आईचं आडनाव वेगळंच! आणि गाव 'दोम्ब्र. लासी'. एका सार्वजनिक वंशवृक्षात याच वेगळ्या आडनावामुळे ही ओळ 'आपली नव्हे' म्हणून बाजूला टाकलेली होती आणि दुसरीच एक मुलगी चिकटवलेली होती.

आता बहिणीकडे वळायची वेळ होती. मिशिगनच्या विवाह नोंदीत वधू-वरांच्या आईवडिलांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. १९०८ च्या, डेट्रॉइट जिच्यात येतं त्या वेन काउंटीच्या नोंदीत बहिणीचे वडील दोंब्रोव्स्की आणि आईचं माहेरचं आडनाव स्वच्छ लिहिलेलं. १९१० च्या जनगणनेत आमची मुलगी याच बहिणीच्या घरात राहून सिगारच्या कारखान्यात कामाला जाताना दिसते, जन्मस्थळ 'रशियन पोलिश'. पोलंड तेव्हा तीन साम्राज्यांत वाटलेला होता आणि कुठला कागद कुठे शोधायचा हे त्यावरच ठरतं: प्रशियाच्या भागात १८७४ पासून जर्मनमधलं नागरी दप्तर, ऑस्ट्रियाच्या गॅलिसियात रकान्यांचं लॅटिन दप्तर, रशियाच्या ताब्यातल्या पोलंडच्या राज्यात सलग मजकुराची नोंद, १८६८ पर्यंत पोलिशमध्ये आणि त्यानंतर रशियनमध्ये.

बहिणीच्या नवऱ्याचं सैन्यभरतीचं कार्डही काढलं. ५ जून १९१७ च्या कार्डावर जन्मगाव विचारलेलं आहे, १२ सप्टेंबर १९१८ च्या कार्डावर नाही. हा पहिल्या फेरीतला निघाला आणि त्यानं वोमझा गुबेर्निया (रशियन काळातला प्रांत), माझोव्ह्येत्स्क तालुका असं लिहून ठेवलं होतं. मग 'लासी'चा उलगडा झाला: दोंब्रोवा-वाझी. पोलिशमध्ये एल अक्षरावर तिरकी रेघ आली की उच्चार 'व' होतो. ब्रेमेनच्या जर्मन कारकुनानं रेघ गाळली आणि झेडचा एस केला.

या भागात दोंब्रोवा-वाझी, दोंब्रोवा-विल्की, दोंब्रोवा-मोचिद्वी अशी एकमेकींना लागून गावं आहेत. राहणारे छोटे जमीनदार, दर्जानं सरदार आणि नांगर स्वतः धरणारे. गावावरून आडनाव, त्यामुळे गावोगाव दोंब्रोव्स्कीच. कोकणातली एकाच भावकीची वाडी डोळ्यांपुढे आणा. इथे बापलेकाच्या नावावर माणूस ठरवता येत नाही. गावाचं जोडनाव आणि आईचं माहेर या दोन खुणाच खऱ्या. चर्च दोंब्रोवा व्हिएल्का इथे, म्हणून दप्तर त्या पॅरिशच्या नावाखाली शोधायचं, वाझीच्या नाही.

पोलिश वंशशोध संस्थेच्या गेनेतेका या अनुक्रमणिकेत, हा भाग आज ज्यात येतो तो पोदलास्के विभाग निवडून दोन आडनावं घालायची, वडिलांचं आणि आईचं माहेरचं, आणि 'जोडी म्हणून शोधा' या खुणेवर टिचकी मारायची. नुसतं दोंब्रोव्स्का घातलं तर पानंच्या पानं येतात. जोडीनं मोजकी भावंडं आली, त्यात आमची मुलगी, १८९०. वंशवृक्षात चिकटवलेली दुसरी मुलगी त्याच पॅरिशची, त्याच नावाची, वडिलांचं नावही तेच. पण गाव विल्की आणि आई वेगळी. ती पुढे कुठे गेली हे पाहायला मृत्यूची नोंदवही उघडली, तर ती आठ महिन्यांची असतानाच वारलेली. जन्माची नोंद मिळाली की त्या नावाचा बालमृत्यू तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या भावंडाला ठेवण्याची तिथे पद्धत होती.

मूळ पानाचं चित्र समोर घेतलं. घट्ट रशियन अक्षर, डावीकडे समासात क्रमांक आणि गाव. मजकूर ठरीव: ४/१६ सप्टेंबर १८९० रोजी दुपारी दोन वाजता वडील जातीनं हजर झाले, वय ३४, वाझीचे जमीनमालक, दोन साक्षीदारांसमोर मुलगी दाखवली, ती २/१४ सप्टेंबरला सकाळी सहाला याच गावी आपल्या कायदेशीर पत्नीपासून झाली, पत्नीचं नाव, माहेर, वय २७, मग बाप्तिस्म्याचे धर्मपिता आणि धर्ममाता. शेवटी 'लिहिता येत नसल्यानं' फक्त फादरांची सही. महत्त्वाची नावं रशियनपुढे कंसात पोलिश अक्षरांतही दिलेली असतात. ती आधी वाचावी. तारखांच्या जोडीत पहिली जुन्या ज्युलियन पंचांगाची, दुसरी आपल्या नेहमीच्या पंचांगाची. एकोणिसाव्या शतकात फरक १२ दिवसांचा, १९०० च्या मार्चपासून १३. कुटुंबाकडे मावशीचा वाढदिवस २ सप्टेंबर होता, एआर-२ वर १४ सप्टेंबर. दोन्ही बरोबर, आणि दोन्ही मिळून ही नोंद तिचीच असल्याचा भक्कम पुरावा.

राहिलं आईचं वेगळं आडनाव. विधवेच्या पुनर्विवाहाच्या नोंदीत पहिला नवरा कोण आणि तो कधी वारला हे लिहिलेलं असतं. १८९७ ची ती नोंद त्याच पॅरिशमध्ये मिळाली: वाझीची विधवा, पहिला नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, माहेर तेच, दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव जहाजाच्या यादीतलं. त्यानंतर आणखी एक मुलगा. या सावत्र भावाबद्दल अमेरिकेतल्या कुटुंबाला अवाक्षर ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात संघाच्या दप्तरातून फाइलच्या प्रती आल्या. मागताना मी नातं, मृत्युतारीख आणि नेमके कागद लिहिले होते: प्रवेशाचा अर्ज, बाप्तिस्म्याचा उतारा, व्रतांच्या तारखा, बदल्यांची यादी आणि मृत्यूनंतर लिहिलेलं चरित्रटिपण. प्रमुखांचे खासगी शेरे आणि आजारपणाचे कागद मागू नयेत. ते देत नाहीत आणि देऊही नयेत. उतारा दोंब्रोवा व्हिएल्काच्या फादरांनी १९११ साली लॅटिनमध्ये दिलेला, नोंद क्रमांकासह. तो क्रमांक आणि माझ्यासमोरच्या रशियन पानाच्या समासातला क्रमांक एकच होता. प्रवेशही १९११ चा, म्हणजे '५६ वर्षं' प्रवेशापासून मोजलेली. फाइल पहिल्याच दिवशी हातात असती तर दोंब्रोवा लवकर सापडलं असतं, पण आईचं दुसरं लग्न आणि सावत्र भाऊ सापडले नसते. मठाच्या कागदांत फक्त जन्मदात्या वडिलांचं नाव आहे.

बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीच्या समासात संन्यासाचा शेरा नव्हता, म्हणून कुटुंबाला शंका आली. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेनं असा शेरा फक्त 'गंभीर' व्रतांसाठी सांगितला होता आणि फेलिशियनांची व्रतं 'साधी' या वर्गातली. सगळ्याच आजीवन व्रतांचा शेरा लिहायचा नियम १९८३ चा. समास रिकामा असणं इथे अपेक्षितच होतं.

सावत्र भावाचे पुढचे कागद सगळे उघडे नाहीत. पोलंडमध्ये जन्माची नोंद १०० वर्षांनी आणि लग्न-मृत्यूची ८० वर्षांनी सरकारी अभिलेखागारात जाते. तोवर ती गावच्या नोंदणी कार्यालयात असते आणि उतारा मागण्याचा हक्क पती-पत्नी, भावंडं, वरची आणि खालची थेट पिढी यांनाच, इतरांना कायदेशीर कारण दाखवावं लागतं. बहिणीच्या पणतीला तो हक्क आपोआप मिळत नाही. म्हणून पॅरिशच्या फादरांना पोलिशमध्ये एका पानाचं पत्र पाठवलं: १८९७ च्या लग्नाचा नोंद क्रमांक, मुलाचं नाव, एकच प्रश्न, आणि कुटुंबाचा पत्ता पुढे देण्याची विनंती. उत्तर भावाच्या नातीकडून आलं. मृत्यूच्या उताऱ्याचा अर्ज आता तीच तिथल्या कार्यालयात करते आहे.