मानेवरची मोजणी आणि अधिक-उणे चार

थायरॉइड जास्त काम करत असल्याचे रक्ततपासणीत दिसल्यावर डॉक्टरांनी मला किरणोत्सारी आयोडीनच्या शोषणाची, म्हणजे गिळलेल्या आयोडीनपैकी किती टक्के थायरॉइड ग्रंथी ओढून घेते याची, तपासणी करायला सांगितली. त्यासाठी आठवडाभर आयोडीनयुक्त मीठ बंद होते. नाशिकमध्ये राहून इतके दिवस मिसळीपासून लांब राहणे हाच त्यातला कठीण भाग.

आयोडीन-१३१ ची कॅप्सूल गिळण्यापूर्वी ती मानेच्या आकाराच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात ठेवून मोजण्यात आली. २४ तासांनी, गंगापूर रोडवरच्या थंडीतला मफलर काढून मी प्रोबसमोर, म्हणजे गॅमा किरण टिपणाऱ्या यंत्रासमोर, बसलो. २५ सेंटिमीटर अंतरावरून दोन मिनिटांत १४,४०० काउंट, म्हणजे टिपलेल्या किरणांच्या नोंदी, आले. मग मांडीवर मोजणी झाली, १,६००; रक्तातून शरीरभर फिरणारे आयोडीन आणि खोलीतला मूळचा किरणोत्सार यांचा वाटा त्यामुळे वजा करता येतो. अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, आठ दिवसांचा, म्हणून एका दिवसातली सुमारे ८ टक्के घट धरल्यावर कॅप्सूलचे काउंट २७,८०० ठरले आणि मानेतले उरलेले १२,८०० त्याच्याशी ताडून शोषण ४६ टक्के निघाले.

मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले असल्यामुळे या आकड्यापुढे अधिक-उणे किती, हे विचारल्यावाचून राहवले नाही. काउंटचे वर्गमूळ ही त्यांची अनिश्चितता. १४,४०० आणि १,६०० यांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे १२६, म्हणजे उरलेल्या १२,८०० च्या एक टक्का. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "सर, उठून पुन्हा बसा बरं." मी बसलो, त्यांनी प्रोब पुन्हा लावला, आणि मांडीचे काउंट वजा जाता १२,१०० उरले, म्हणजे साडेत्रेचाळीस टक्के. हा ७०० चा फरक वर्गमूळाच्या हिशेबात बसणारा नव्हता. २५ ऐवजी २४ सेंटिमीटर अंतर झाले तरी व्यस्त वर्गाच्या नियमाने काउंट साडेआठ टक्क्यांनी वाढतात, आणि माझी ग्रंथी त्वचेखाली नेमकी किती खोल आहे हे त्या ठोकळ्याला कुठून कळणार? खोली वाढली की अंतर वाढतेच, शिवाय मधले मांस काही गॅमा किरण अडवते. जास्त वेळ मोजल्याने वर्गमूळाची अनिश्चितता कमी झाली असती, अंतराची आणि खोलीची मात्र तशीच राहिली असती.

अहवालावर नुसते ४६ छापून आले. मी शेजारी पेन्सिलीने ४५ ± ४ लिहून डॉक्टरांपुढे ठेवले. ते म्हणाले की नेहमीची पातळी साधारण १० ते ३० टक्के, त्यामुळे निदान बदलत नाही. उपचाराची मात्रा काढताना शोषणाबरोबर ग्रंथीचे वजनही धरावे लागते आणि ते त्यांनी बोटांनी चाचपून ठरवले होते. त्याचे अधिक-उणे विचारल्यावर ते हसले आणि त्यांनी माझी पेन्सिल मागून घेतली.