नऊवार कापायची नाही

रविवार, रात्री

भाचीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. आज दुपारी ती आणि वहिनी आईची नऊवारी पैठणी शिवायला टाकायची म्हणून न्यायला आल्या. कापड कापून निऱ्या, ओचा, कासोटा सगळं जागच्या जागी टाचून घ्यायचं, कमरेला नाडी आणि हूक लावायचे, लग्नादिवशी विजारीसारखी पायांत चढवायची, असा बेत. शिवणाऱ्या बाईंनी मापंही मागितली होती. मी पैठणी दिली नाही. वहिनी जरा नाराज होऊन गेल्या. त्यांच्यापुढे मला धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आपल्या जुन्या पोशाखात मापाला फारसं कामच नव्हतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास सलग कापड. नेसणारी सोळा वर्षांची काडीपैलवान असो की चार बाळंतपणं झालेली बाई, लुगडं तेच. कमी-जास्त काय ते निऱ्यांत जातं. धोतराचं तेच, फेट्याचं तेच. जे शिवायचे त्यालाही सैल-घट्ट करायची सोय असायचीच. बाराबंदी या जुन्या अंगरख्याला बटण नाही, नुसते बंद. सोलापूरला संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेव्हा नंदीध्वजाबरोबर पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले भक्त चालतात. चांगली जपलेली बाराबंदी बापामागून लेकाच्या अंगावरही बसते, बंद थोडे आवळले की झालं. पुणेरी पगडी मात्र यातली नव्हे. ती पगडबंदाकडून डोक्याच्या मापानं बांधून घ्यावी लागते. तिला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रुबाब मला मान्य आहे, पण माझा जीव फेट्यात. फेटा दर वेळी नव्यानं बांधावा लागतो, आणि बांधणाऱ्याचा हात त्यात दिसतो.

आजी जन्मभर गाठीची चोळी घालायची, खणाची. खण गुळेदगुड्डचा, लुगडं इरकली. दोन्ही बागलकोटकडची, म्हणजे कोल्हापूरकरांना तशी शेजारचीच. दिवस गेले की गाठ सैल, लेकराला पाजायचं तर गाठ सोडायची, पुन्हा अंग आवळलं की गाठ पहिल्या जागी. एकच चोळी तिला या सगळ्यात पुरायची. हे ज्या कुणी बायांनी बसवलं असेल त्यांच्या अकलेचं मला फार कौतुक वाटतं.

दागिन्यांचंही असंच आहे. गेल्या आठवड्यात आजीची ठुशी नव्या दोऱ्यात गाठवायला गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, गेले होते. दागिने ओवून गाठवणारे पटवेकरी काका ओट्यावर बसलेले, रेशमी दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं, दुसरं दातांत. जुना दोरा कापून त्यांनी मणी ताटलीत ओतले. सोन्याचे बारीक गोल मणी, वर्षानुवर्षांच्या घामानं आणि हळदीनं काळवंडलेले. रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशनं घासले तसे उजळले. मग एकेक ओळ ओवून ओळी एकमेकींना घट्ट गाठवत गेले, मणी अगदी ठासून. शेवटी मागच्या दोरीला सरकती गाठ आणि लाल गोंडा. ती गाठ सरकवली की ठुशी भाचीच्या बारीक गळ्यालाही बसते आणि माझ्या भरलेल्या गळ्यालाही. मी विचारलं, फासा लावून साखळी केली तर? काका म्हणाले, "करून देतो की, पण मग ती एकाच गळ्याची होणार." मी दोराच राहू दिला.

आमच्याकडे दागिना एकदम पुरा होत नसे. उसाचं बिल आलं की पुतळ्यांच्या, म्हणजे सोन्याच्या नाण्यासारख्या चकत्यांच्या, माळेत एखाददुसरी पुतळी वाढायची. कोल्हापुरी साज तर पानापानांचाच. पूर्ण साजाला एकवीस पानं धरतात, दशावताराची, अष्टमंगलाची, माणिक-पाचूची आणि डोरल्याचं एक. सगळ्यांची ऐपत तेवढी नसायची, कमी पानांचे साजही घालत. बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाख, म्हणजे थोड्या सोन्यात गळा भरलेला दिसावा. पोत तुटली की नवीन दोऱ्यात ओवायची. अडचण आली की एक पुतळी मोडायची आणि उरलेली माळ जवळ करून गाठवायची. घाट तोच राहायचा. आज वजनदार नेकलेस घेतात आणि नड आली की अख्खा मोडतात, त्याची मला हळहळ वाटते.

पुन्हा पैठणीकडे येते. वहिनींचा मुद्दा खोटा नाही. लग्नाच्या गडबडीत नऊवारी नेसवायला हात कुणाचा मोकळा असतो? लेझीम, ढोलपथक, शाळेचं गॅदरिंग यांना शिवलेली नऊवारी खुशाल घ्यावी, नव्या कापडाची. पण आईची पैठणी येवल्याच्या हातमागावरची आहे. तिचा पदर उलटा करून पाहिला तर मागून-पुढून सारखा, कुठे धागे लोंबत नाहीत. काठ आणि अंग विणतानाच एकमेकांत अडकवलेले. अशा कापडाला कात्री लागली, की ते एका मापाचं झालं. उद्या भाचीचंच अंग भरलं तर तिला बसणार नाही, आणि तिच्या मुलीला तर नाहीच नाही.

आपल्याकडे कापड कापत नसत असं नाही, पण आधी ते पुरतं वापरून घ्यायचे. लुगडं विरलं की धडका भाग फाडून परकर, काठ दुसऱ्या लुगड्याला, राहिलेल्याची वाकळ. आमच्या घरच्या वाकळेत आजीची दोन लुगडी अजून ओळखू येतात.

जाताना भाची दारात थांबून म्हणाली, "आत्या, नेसायला खरंच एवढं अवघड असतं का?" मी तिला माझ्या घरच्या साडीवर तिथेच दाखवलं. साडी कमरेला गुंडाळून पुढे पक्की गाठ मारायची, सगळं लुगडं या गाठीवर उभं असतं. ती ढिली राहिली तर दिवसभर ओढत बसावं लागतं. मग पदर काढून खांद्यावर टाकायचा, मधल्या कापडाच्या निऱ्या करून बेंबीशी खोचायच्या. शेवटी खालचा काठ पायांमधून मागे नेऊन ताठ ओढून कासोटा खोवायचा. कासोट्याचे दोन्ही काठ पाठीमागे एकावर एक सरळ दिसले पाहिजेत, आई तिथे फार काटेकोर होती. कोळणींचं लुगडं गुडघ्यापर्यंत आवळलेलं, वर वेगळी फडकी, कारण त्यांचं काम पाण्याचं. शेतातल्या बाईचा कासोटा आखूड, चिखलात उतरायला. कापड तेच, ज्याचं त्याचं काम बघून नेसायचं.

तिनं एकदा करून बघितलं. गाठ बसली, निऱ्या सुटल्या. हसली नाही, पुन्हा घालायला लागली. तेव्हाच मला वाटलं की ही शिकेल.

तिला शनिवारी बोलावलंय. पैठणी कपाटातून काढायची नाही अजून. आधी सुती लुगड्यावर हात बसू दे, रेशीम नवख्या हातातून सरकतं. वहिनींनाही यायला सांगितलंय, लग्नादिवशी नेसवायला दुसरा हात लागेल.